अक्कांचा रतीब

"वहिनी, उद्यापासून दूध नको ओ," अक्कांनी भिंतीपलीकडून सांगितलं आणि मी पाखडत होते ते तुरीचं सूप तसंच हातात राहिलं.

आमच्या दुधनी गावात रतीब बंद होण्याची कारणं ठरलेली आहेत. दुधात पाणी सापडतं, नाहीतर कुणी दोन रुपयांनी स्वस्त देतो, नाहीतर भांडण झालेलं असतं. आमच्या चंद्री म्हशीच्या दुधात पाणी घालायची माझी छाती नाही, कारण अक्का सायीची जाडी बघून हिशोब करतात. स्वस्तातलं दूध त्यांच्या घरात चालणार नाही. आणि भांडण झालं असतं तर निदान मला तरी कळलं असतं.

"कुणी काय बोललं का अक्का?"

"कोण बोलतंय! धाकटी आलीय पुण्याहून. ती व्हिगन झालीय."

"अगं बाई. कधी? आता बरी आहे ना?"

"आजारी नाही ओ. तसं खायचं असतंय म्हणे. दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही, मध नाही."

"मध पण नाही?"

"मधमाशांचा असतोय की तो." हे अक्कांनी अशा आवाजात सांगितलं की जणू आजवर मध झाडाला लागतो अशीच आमची समजूत होती. "आणि माझ्या इरकलीचा पदर धरून म्हणायलीय, अव्वा, हे रेशीम किड्याचं. म्हटलं, माझ्या लग्नातली साडी आहे, तो किडा मरून चाळीस वर्षं झाली, आता त्याला काय न्याय देणार तू?"

धाकटी पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहे. घरून काम करायची परवानगी मिळाली म्हणून सोलापुरात गाडी बदलून, वेळ अमावस्येच्या सणाच्या तोंडावर लॅपटॉप घेऊन आली. अक्कांनी दूध बंद केलं ते तिच्या आग्रहानं नव्हे. पोरगी एकटी वेगळं ताट घेऊन बसली तर आईच्या घशाखाली घास उतरत नाही, एवढंच. "ती आहे तोवर आपण पण करून बघू," म्हणाल्या. अक्कांच्या मालकांचं, अण्णांचं, मात्र त्यात काही नव्हतं. त्यांची मार्केट यार्डात अडत आहे, आणि दिवसाचे सगळे चहा तिथंच होतात. घरात कुणी काय सोडलं ह्याचा त्यांना पत्ता लागायला आठवडा जातो.

मी काही लगेच विश्वास ठेवला नाही. धाकटी अंगणात आली तेव्हा तिलाच गाठली. ती हसली आणि म्हणाली, "काकू, हे पुण्यात निघालेलं खूळ नाही. 1944 साली इंग्लंडात सुरू झालंय." डोनाल्ड वॉटसन म्हणून शाळेत सुतारकाम शिकवणारा मास्तर होता, त्यानं आणि त्याच्या काही मित्रमंडळींनी ती संघटना काढली. शाकाहारी मंडळीच होती ती, पण मांस सोडून दूध-अंडी खाण्यात त्यांना अर्थ वाटेना. सन ऐकल्यावर मी मनात हिशोब केला. लढाई चालू होती. लोणी, दूध, अंडी, सगळं रेशनवर. जे मिळतच नव्हतं ते त्यांनी सोडलं, असं मी बोलून दाखवलं. धाकटीनं ते मनाला लावून घेतलं नाही, पण तिनं मला घरात ओढून नेलं आणि अक्कांच्या फडताळासमोर उभं केलं.

"आता बघा. ह्यातलं काय काय चालतं ते मोजू."

खरं सांगते, मी हरले. कडक भाकरीची चळत होती, ज्वारीची. चालते. उखळात कांडलेली, तेल सुटलेली शेंगा चटणी. चालते. कारळाची चटणी, जवसाची चटणी, येसर. चालतंय. चुलीवर पुंडी पल्ल्या शिजत होती, म्हणजे अंबाड्याची भाजी, लसणाची फोडणी दिलेली. चालते. तुरीचं वरण तर चालतंच, आणि तूर आमच्याकडं काय कमी आहे? भिंतीपल्याड गुलबर्ग्याच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि दुधनीचा बाजार ह्याच तुरीवर उभा आहे. शेंगा पोळीत गूळ आणि शेंगदाणे, बाकी काही नाही. हरभऱ्याचा पाला, उसळी, हुरडा, तिळाची भाकरी. सगळं तपासून झाल्यावर फडताळात दोषी सापडले ते फक्त तुपाचं गाडगं, दह्याचं सट आणि चहाच्या डब्याशेजारी झाकून ठेवलेलं माझंच दूध.

ह्यात नवल वाटायचं कारण नाही. वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणारा मुलूख हा. काळ्या रानात थंडीच्या दहिवरावर ज्वारी येते, मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली मानांकन मिळालं तेव्हा पेपरात मोठी बातमी आली, पण इथल्या माणसाला ती भाकरी रोजचीच. हिरवा चारा नसायचा, तर दूध कुठून येणार? माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी गल्लीत दोन घरी दुभतं. बाकीची घरं तांब्या घेऊन ताकाला जायची. ताक फुकट मिळायचं, दूध फक्त बाळंतिणीला आणि देवाला. शेतावर जाणाऱ्या बाईच्या फडक्यात भाकरी, चटणी, कांदा, एवढंच असायचं. तिला कुणी व्हिगन म्हटलं नाही. गरीब म्हटलं.

हे मी धाकटीला सांगितलं. ती गप्प झाली आणि नंतर म्हणाली, "काकू, तिला मिळत नव्हतं. मला मिळतंय आणि मी नको म्हणतेय." मुद्दा बरोबर होता, म्हणून मी विषय बदलला.

पहिली अडचण आली ती चटणीला. आमच्यात शेंगा चटणी दह्यात कालवून खातात. दही नाही म्हटल्यावर अक्कांनी चटणीवर कच्चं करडईचं तेल घेतलं आणि पहिल्या घासाला म्हणाल्या, "हे तर आमचे सासरे खायचे." झालं, तो प्रश्न तिथंच मिटला. धपाट्यांशेजारी दह्याऐवजी हिरवी मिरची आणि दाण्याचा कूट आला. धाकटीनं तर दाण्याचं दूध काढून त्याचं दहीसुद्धा लावलं. दाणे रात्रभर भिजवायचे, सालं काढायची, वाटून गाळायचे, उकळायचं, आणि कोमट झालं की विरजण म्हणून हिरव्या मिरच्यांचे देठ टाकायचे. मी म्हटलं, मिरचीच्या देठानं दही लागलं तर चंद्रीला मी उद्या बाजारात उभी करते. सकाळी भिंतीवरून वाटी आली. लागलं होतं. थोडं सैल, थोडं शेंगाळ, पण लागलं होतं. देठांवर आंबवणारे जंतू असतात म्हणे. चंद्रीला मी बाजारात उभी केली नाही. बोलण्याला काही धरबंद असतो.

पण चहा? तिथं सगळी विद्या संपली. दाण्याच्या दुधाचा चहा अक्कांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "चटणी विसळलेलं पाणी." पुण्याहून आणलेलं सोयाबीनचं खोकं फोडलं तर ते गरम चहात फाटलं. ओटचं म्हणून एक होतं ते फाटलं नाही, पण त्या एका खोक्याच्या किमतीत माझ्याकडचं तीनचार लिटर दूध येतं, हे मी अक्कांना दोनदा सांगितलं. त्या खोक्यांवर हिरव्या रंगाचा एक शिक्का असतो, व्ही अक्षराचा. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं व्हिगन मालासाठी तो ठरवून दिलाय, 2022 सालापासून त्याचे नियमही आहेत. आणि त्याच प्राधिकरणानं असंही सांगितलंय की सोया, ओट, बदाम ह्यांच्या पाण्याला बाटलीवर दूध म्हणून छापायचं नाही. दूध जनावराचंच. नारळाच्या दुधाला तेवढी सूट. हे धाकटीनंच वाचून दाखवलं, चिडून. मला मात्र त्या दिवशी सरकारबद्दल फार आपुलकी वाटली.

शेवटी दोघी कोऱ्या चहावर आल्या. लिंबू पिळून, गूळ घालून. घरात ठीक चाललं. पण दुधनीत घरातला चहा हा चहाच नव्हे. खरा चहा दुसऱ्याच्या घरातला. तुम्ही कुणाकडं गेलात आणि चहा नको म्हणालात तर पहिल्यांदा लाजता म्हणून ओततील. दुसऱ्यांदा म्हणालात तर "आमच्याकडचा चालत नाही का" असं ऐकवतील. आणि धाकटीनं जिथं तिथं "कोरा चालेल" म्हणायला सुरुवात केली. एका म्हातारीनं तर तिला तोंडावर सांगितलं, "कोरा चहा सुतकाच्या घरात असतोय. चांगल्या घरात मागू नये." पोरगी पाणी पिऊन परत आली.

त्यातून गावात काय काय उठलं म्हणता! मला नळावर एकीनं विचारलं, अक्कांच्या पोरीला शुगर निघाली ना? दुसरी म्हणाली, पोटाचं ऑपरेशन झालंय, म्हणूनच सुट्टीवर आलीय. किराणा दुकानात तर ती कुठल्या तरी पंथाला लागली असं ठरलं होतं. मी सगळ्यांना समजावून सांगायचे, आजार नाही, पंथ नाही, जनावरांना त्रास होतो म्हणून सोडलंय. त्यावर प्रत्येकीचा एकच चेहरा व्हायचा. शुगर असती तर चालली असती.

आता ह्यात माझी गोम अशी की जनावर म्हणजे आमची चंद्री. पंढरपुरी जातीची. लांब मागं वळलेली शिंगं, खांद्यापलीकडं जाणारी, आणि कमी चाऱ्यावर निभावणारी. हीच जात कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभी असते, गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास भरून देतात. तर धाकटी एक दिवस धारेच्या वेळेला गोठ्यात आली. पोरगी लहानपणी इथंच धारोष्ण दूध प्यायला वाटी घेऊन यायची, आता हाताची घडी घालून उभी. मी रेडकू सोडलं, त्यानं दोन ढुशा दिल्या, पान्हा फुटला, मी रेडकू ओढून बाजूला बांधलं आणि धारेला बसले. रोजचंच काम. पण कुणी बघत असलं की रोजचं काम वेगळं दिसतं.

"ह्याला किती ठेवता काकू?"

"एक आचळ पूर्ण त्याचं."

"आणि हा वगार नाही ना? हल्या आहे ना?"

आहे. वगार झाली असती तर आमच्या ह्यांनी गल्लीत पेढे वाटले असते. हल्या झाला म्हटल्यावर नुसतं "हं" केलं आणि पेपर वाचायला घेतला. पोरीनं विचारलं, ह्याचं पुढं काय होणार? मी म्हटलं, होतं काहीतरी. ती म्हणाली, काय? मी धारेचा आवाज जरा मोठा केला.

काय होतं ते सगळ्या गावाला माहीत आहे. पूर्वी हल्या पखाली वाहायचा, चिखलणीला जुंपला जायचा. आता त्याला कामच नाही. गाईला 1976 सालच्या कायद्यानं संरक्षण होतं, 2015 साली त्यात बैल आणि वळूही घातले. म्हैस आणि हल्या त्या कत्तलबंदीत येत नाहीत. म्हणून हल्याला बाजारात गिऱ्हाईक मिळतं, आणि म्हातारा बैल दावणीला खात उभा राहतो. कुणाचं नशीब चांगलं म्हणायचं, हे तुम्ही ठरवा. मी धाकटीला एवढंच म्हटलं, की तुला रेडकू दिसतं, मला सरकी पेंडीचं पोतं दिसतं. 2018 च्या जुलैत शेतकऱ्यांनी रस्त्यावर दूध ओतलं ते काय हौस म्हणून? चार दिवस शहरांचं दूध अडलं तेव्हा सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागं 25 रुपये देऊ म्हणून कबूल केलं. पाण्याची बाटली 20 ला मिळत होती त्या वेळी. त्रास म्हशीला आहे, तसा म्हशीखाली बसणाऱ्या बाईलाही आहे. तिच्यासाठी काही सोडलंय का कुणी?

"काकू, तुमच्या गोठ्याबद्दल नाही बोलत मी," ती म्हणाली.

"गोठा एवढा एकच दिसतोय मला इथं."

त्यानंतर दोन दिवस भिंतीवर जरा थंडी होती. वाटी गेली नाही, वाटी आली नाही.

कोंडी फोडली अण्णांनी. त्यांना एव्हाना पत्ता लागला होता. संध्याकाळी भिंतीजवळ खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, अगं, हे तुझं गांधीजींनी आधीच केलंय. खरंच की. 1912 साली दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर असताना त्यांनी दूध सोडलं. नुसतं तब्येतीसाठी नव्हे. कलकत्त्याकडं गवळी गाईम्हशींवर फुक्का म्हणून अघोरी प्रकार करतात, शेवटचा थेंब काढण्यासाठी, ते वाचून त्यांचं मन उठलं. शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू, ऑलिव्हचं तेल, ह्यावर राहायचे. पुढं 1918 साली खेडा जिल्ह्यात फिरताना आमांश झाला आणि अंगातलं त्राणच गेलं. मुंबईच्या डॉक्टर दलालांनी सांगितलं, दूध घेतल्याशिवाय अंग भरणार नाही. गांधीजी म्हणतात, माझं व्रत आहे. तर खाटेशेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या, व्रत गाईम्हशीच्या दुधाचं, शेळीचं काय? गांधीजी शेळीवर आले. आत्मकथेत त्यांनी स्वतःच लिहिलंय की व्रताचा शब्द पाळला, आत्मा मोडला, आणि ते त्यांना कायम खुपत राहिलं.

"बघा," अक्का लगेच म्हणाल्या, "शेवटी बाईलाच वाट काढावी लागतीय. धाकटे, शेळी आणू का?"

"अव्वा!"

पण अण्णांना पुढचं सुचलं ते मला महत्त्वाचं वाटलं. म्हणाले, त्यांनी व्रत म्हटलं म्हणून जगानं ऐकून घेतलं. नुसतं नको म्हटलं असतं तर त्यांनाही शुगर निघाली म्हणाले असते. आणि तसंच आहे ओ. काशीला जाऊन आलेली माणसं आवडीची भाजी सोडून येतात, जन्मभर खात नाहीत, कुणी विचारत नाही. श्रावणात कांदा सोडा, सोमवारी धान्य सोडा, नवसाला चप्पल सोडा. देवासाठी सोडलं की मान, डॉक्टरसाठी सोडलं की कणव. म्हशीसाठी सोडलं की सगळ्यांना राग येतो. मला आलाच होता.

वेळ अमावस्येला मग अक्कांच्या रानात सगळे गेलो. भज्जी मोठ्या पातेल्यात रटरटत होती. वाल, तूर, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, गाजर, पालेभाज्या, बेसन. एरवी तिला आंबट ताक लागतं, ह्या वर्षी चिंच लावली, आणि सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. अडलं ते अंबिलीवर. ज्वारीची अंबील ताकाची, आणि ती आधी काळ्या आईला. अक्कांच्या सासूबाई नव्वदीच्या घरातल्या, त्यांनी काठी आपटून सांगितलं, माणसानं काय ते सोडावं, जमिनीला उपाशी ठेवू नये. धाकटीनं वाद घातला नाही. ज्वारीचं पीठ पाण्यात रात्रभर ठेवलं की आपलं आपण आंबतं, तशी तिनं वेगळी लोटकीभर केली होती. चरगा, म्हणजे काळ्या आईचा नैवेद्य, पिकात शिंपडताना सासूबाईंच्या हातात ताकाची, हिच्या हातात बिनताकाची. पिकात दोघी पुढंमागं चालल्या. ज्वारीला दोन्ही पोचलं. त्या तुकड्यात ताट कुठं उंच येतंय हे बघायला अण्णा रोज जातात, आणि अजून काही फरक नाही असं रोज सांगतात.

आता स्थळाचं सांगते, कारण खरी गंमत तिथं झाली.

मुलगा बंगळुरूचा, घराणं आळंदकडचं, चांगलं बागायतीचं. बघायला आले. अक्कांनी सुशीला केला होता, चुरमुऱ्यांचा, शेंगदाणे पेरून. तो काय, जन्मतःच धाकटीच्या पंक्तीतला. मग चहा आला. सगळ्यांना दुधाचा, पोरीच्या हातात कोरा. मी दाराआडच होते. मुलाच्या आईनं ते बरोबर टिपलं.

"काय त्रास आहे का तुला?"

"नाही. दूध सोडलंय."

"नवस आहे?"

अहो, दार उघडून दिलं होतं त्या बाईनं. "हो" एवढंच म्हणायचं होतं. पण धाकटी पुण्यात शिकलेली, तिनं सरळ सगळं सांगितलं, रेडकापासून. मुलाची आई ऐकत होती आणि हळूहळू कप खाली ठेवत होती. मुलाचा बाप म्हणाला, आमच्याकडं सहा म्हशी आहेत. मुलगा स्वतः मात्र हसत होता. त्याच्या ऑफिसात असले चारपाच आहेत म्हणाला.

स्थळ मोडलं. दुधावरून नाही. धाकटीला पुणं सोडायचं नव्हतं, मुलाला बंगळुरू सोडायचं नव्हतं, हे फोनवर दोघांनी आपसात मिटवलं, शहाण्यासारखं. पण दुधनीत विचाराल तर ते दुधावरूनच मोडलं. मी कितीही सांगितलं तरी उपयोग नाही. कारण असं पाहिजे की जे पुढच्या घरी जाऊन सांगता येईल.

मधल्या काळात अक्कांना चालताना मुंग्या यायला लागल्या, तळपायाला. मी लगेच म्हटलं, बघा, दूध सोडलं. डॉक्टरांनी बी-बारा तपासलं, कमी निघालं, पण त्यांनी सांगितलं की एवढं कमी काही आठवड्यांत होत नाही, आधीपासूनच असणार. हे जीवनसत्त्व जंतू तयार करतात, झाडपाल्यात ते नाही. शाकाहारी माणसाला दुधातून मिळेल तेवढंच, आणि कपातल्या चमचाभर दुधातून ते किती मिळणार? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्या 2006 साली छापून आलेल्या अभ्यासात पुण्याचे आणि आसपासच्या खेड्यांतले 441 पुरुष तपासले होते, त्यात दोन तृतीयांश जणांना ते कमी होतं. चहा पिणारीच माणसं ती. धाकटी स्वतः गोळी घेतेच, तसं घ्यावंच लागतं असं तिनं आधीच सांगितलं होतं. आता आई गोळी घेते, आणि मुंग्या कमी झाल्यात. मी कॅल्शियमवरून एक शेवटचा प्रयत्न केला. त्यावर तिनं मला नाचणीचे आकडे काढून दाखवले. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या दुपटीहून जास्त. आमच्याकडं नाचणी पिकत नाही, हे मी सांगितलं. बाजारात मिळते, हे तिनं सांगितलं.

संक्रांत करून ती पुण्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर तांब्या.

"पाव लिटर घाला वहिनी."

"अर्धा होता की."

"पावच. सासूबाईंना सकाळचा एक लागतोय, आणि अंबिलीपुरतं ताक. मी कोराच घेते. पित्त कमी झालंय ओ, खरंच. तिला सांगू नका, डोक्यावर बसेल."

पाव तर पाव. रतीब अर्धा झाला ह्याचं मला वाईट वाटलंच, पण अक्कांनी त्या बदल्यात करडईच्या तेलाची बाटली दिली, आणि चटणीवर आता आमच्याकडंही तेच पडतं. ह्यांनी हल्याचं अजून काही ठरवलेलं नाही. तो वाढतोय.

काल अक्का पुन्हा भिंतीशी आल्या. आवाज लहान केलेला.

"लातूरचं एक स्थळ सांगून आलंय. मुलगा पुण्यातच आहे. मध्यस्थ तुमच्या माहेरकडचा ना? त्याला आधीच कानावर घालून ठेवा, चहाचं."

"काय घालू? व्हिगन आहे म्हणू?"

"छे, छे! नवस आहे म्हणा."

"कुणाचा?"

अक्कांनी सोलापूरच्या दिशेला हात जोडले. "सिद्धेश्वराचा म्हणा. त्याच्यापुढं कोण विचारतंय?"

"आणि ती येऊन सगळं खरं सांगून टाकेल त्याचं काय?"

"सांगू दे की. तोवर त्यांनी सुशीला खाल्लेला असेल."